डोळ्यांत पाहणाऱ्याचें ऋण



रविवारची सकाळ आहे असें समजा. तलासरी तालुक्यांतील एकाद्या शाळेच्या पडवींत दोन टेबलें मांडलेलीं आहेत. मुंबईहून पहाटे निघालेली मंडळी मोटारीनें येऊन पोंचली आहे. भिंतीवर कापडी फलक लागला असून त्यावर ‘मधुमेहींसाठीं मोफत नेत्रतपासणी’ असें ठळक अक्षरांत लिहिलें आहे. पाड्यापाड्यांवरून माणसें जमलीं आहेत. साठीच्या घरांतील एका वारली गृहस्थाची पाळी येते. बोटाला सुई टोंचून रक्ताचा थेंब घेतला जातो. मग एका छोट्या यंत्रानें त्याच्या दोन्ही डोळ्यांचीं छायाचित्रें काढलीं जातात. थोड्या वेळानें त्याच्या हातांत एक कागद येतो. ‘पुढील तपासणीसाठीं मोठ्या रुग्णालयांत जावें,’ एवढेंच त्यावर छापलेलें असतें. त्या गृहस्थाला तर सर्व कांहीं स्वच्छ दिसत आहे. त्यानें कसलीही तक्रार सांगितलेली नाहीं. तो कागदाची घडी करतो आणि घरीं जाऊन ती छपराच्या वांशांत खोंचून ठेवतो. सायंकाळीं मंडळी परत फिरते, आणि इतक्या जणांची तपासणी झाली अशी नोंद अहवालांत होते.

हा प्रसंग कल्पित आहे. तो कोणा एका गांवचा किंवा कोणा एका संस्थेचा नव्हे. परंतु ज्यांनीं अशीं शिबिरें पाहिलीं आहेत, त्यांस तो अनोळखी वाटणार नाहीं. आजच्या भाषणाचा विषय तो वांशांतला कागद हा आहे. त्या माणसाचें त्या दिवशीं कांहीं भलें झालें काय? आणि झालें नसल्यास त्याचा दोष कोणाकडे जातो?

उत्तर शोधण्यापूर्वीं रोगाची ओळख करून घेणें अवश्य आहे. डोळ्याच्या मागच्या बाजूस आंतून एक नाजूक पडदा असतो. बाहेरच्या जगाचें चित्र त्यावर उमटतें. या पडद्याचें पोषण केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या करितात. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे या वाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. कोठें त्यांना सूक्ष्म फुगे येतात, कोठें त्यांतून रक्त व पाणी झिरपतें. पुढें पडद्याचे कांहीं भाग रक्तावांचून उपाशी पडतात, आणि मग नव्या, पण ठिसूळ अशा वाहिन्या उगवूं लागतात. एके दिवशीं त्या फुटून डोळ्यांत रक्त सांठतें, किंवा त्यांच्या ओढीनें पडदाच जागचा सुटतो, आणि दृष्टि जाते.

या रोगाचें कपट असें कीं, आरंभीं तो दुखत नाहीं, खुपत नाहीं, पाहण्यालाही बाध आणीत नाहीं. उपचाराचा उत्तम उपयोग ज्या काळांत व्हावयाचा, त्याच काळांत रोग्याला आपण धडधाकट आहों असें वाटत असतें. लेझर किरणांच्या उपचारानें, रोग बळावलेल्या डोळ्यांतही, दृष्टि गंभीरपणें जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो, हें अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगानें १९७६ सालींच दाखवून दिलें. आतां त्याच्या जोडीला डोळ्यांत देण्याचीं इंजेक्शनेंही आलीं आहेत. हे उपाय असलेली दृष्टि राखण्याचे आहेत. पूर्ण गेलेली दृष्टि परत आणणें बहुधा त्यांच्याही हातीं नसतें. म्हणून मधुमेही माणसानें, तक्रार नसली तरी, वर्षांतून एकदां डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा असा वैद्यकाचा सामान्य संकेत आहे.

हा रोग आतां केवळ सुखवस्तु लोकांचा उरलेला नाहीं. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशांत सुमारें १० कोटि १० लाख लोकांस मधुमेह आहे. शहरांत त्याचें प्रमाण शेंकडा १६.४ आणि खेड्यांत ८.९ असें आढळलें. २०१५ ते २०१९ या काळांत झालेल्या राष्ट्रीय पाहणींत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकीं शेंकडा १६.९ जणांच्या पडद्यावर या रोगाच्या खुणा सांपडल्या, आणि शेंकडा ३.६ जणांची दृष्टीच धोक्यांत असल्याचें दिसलें. मुंबईच्या झोपडवस्त्यांतून आदित्य ज्योत या संस्थेनें केलेल्या पाहणींत अशा खुणांचें प्रमाण शेंकडा सुमारें १५ निघालें. तेव्हां तपासणी हवी कीं नको, हा वादच नाहीं. ती हवीच. वाद आहे तो तिच्या नीतीचा.

वैद्यकाची जुनी रीत अशी कीं, रोगी वैद्याच्या दारीं जातो. ‘मला त्रास होतो आहे, कांहीं करा,’ असें तो म्हणतो, आणि वैद्य आपल्या ज्ञानाप्रमाणें यथाशक्ति प्रयत्न करतो. यश आलें नाहीं तरी वैद्याकडे दोष जात नाहीं, कारण गाऱ्हाणें रोग्यानें आणलेलें होतें. चांचणीच्या शिबिरांत हा क्रम उलटतो. येथें वैद्य माणसाच्या दारीं जातो. माणूस शांतपणें आपल्या कामांत असतो, आणि वैद्य त्यास म्हणतो, ‘तुला कांहीं होत नसलें तरी इकडे ये; तुझ्या डोळ्यांत मला पाहूं दे.’ न बोलावतां दार ठोठावणाऱ्यानें, आंत जें सांपडेल त्याची जबाबदारी आधींच पत्करलेली असते. या जबाबदारीलाच या भाषणांत ऋण म्हटलें आहे.

ही कल्पना नवी नव्हे. १९६८ सालीं विल्सन आणि युंगनर या दोघांनीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं चांचणीच्या तत्त्वांवर एक पुस्तिका लिहिली आणि तींत दहा कसोट्या घालून दिल्या. रोग महत्त्वाचा असावा, त्याची पूर्वावस्था ओळखतां यावी, चांचणी लोकांस रुचेल अशी असावी, हें तर त्यांत आहेच. परंतु रोग सांपडल्यावर पुढील निदानाची व उपचाराची सोय उपलब्ध असावी, आणि रोगी शोधण्याचें काम एकदां करून सोडून न देतां अखंड चालू राहावें, अशाही कसोट्या त्यांत आहेत. या दोन कसोट्या लावल्या म्हणजे पडवींतलें तें शिबिर लंगडें पडतें.

येथें आपल्या एका जुन्या सवयीचाही विचार केला पाहिजे. महाराष्ट्राला नेत्रशिबिरांची ओळख आहे ती मोतीबिंदूमुळें. मोतीबिंदूचें काम सुटसुटीत असतें. माणसाला दिसत नाहीं, तो येतो, शस्त्रक्रिया होते, आणि कांहीं दिवसांनीं तो नातवंडांचीं तोंडें पाहतो. एका शिबिरांत काम पुरें होतें आणि पुण्यही पदरीं पडतें. मधुमेहाच्या डोळ्याचें तसें नाहीं. तेथें ज्याला दिसत आहे त्यालाच बोलवावें लागतें, एका भेटीनें कांहीं संपत नाहीं, आणि उपचार उत्तम झाला तरी रोग्याच्या हातीं नवें कांहीं येत नाहीं. त्याचें होतें तेवढें टिकतें, इतकेंच. मोतीबिंदूच्या शिबिराचा सांचा या रोगाला लावला, म्हणजे कागद वांशांत जातो.

हें ऋण नीट फेडतां येतें याचें उदाहरण इंग्लंडनें घालून दिलें आहे. तेथें २००३ पासून मधुमेहींच्या डोळ्यांच्या चांचणीचा राष्ट्रीय उपक्रम उभारण्यांत आला. प्रत्येक मधुमेहीचें नांव नोंदवहींत, ठरलेल्या वेळीं त्यास बोलावणें, न आल्यास पुन्हां बोलावणें, आणि दोष आढळल्यास थेट रुग्णालयाशीं गांठ, अशी ती व्यवस्था आहे. २०१४ मध्यें तेथील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं, इंग्लंड व वेल्समध्यें कामकरी वयाच्या लोकांस येणाऱ्या अंधत्वाच्या कारणांत हा रोग निदान पन्नास वर्षें पहिल्या स्थानावर होता, तो आतां त्या स्थानावरून खालीं आला आहे. आणि या चांचणीचा त्यांत वांटा असावा. कॅमेरे इतर देशांतही होते. त्या नोंदवहीनें आणि त्या दुसऱ्या बोलावण्यानेंच तेथें फरक पाडला असावा, असें मानण्यास जागा आहे.

आतां आपल्याकडे वळूं. तज्ज्ञ थोडे आणि रोगी फार, अशा देशांत यंत्राची मदत घेणें रास्तच आहे. २०१६ मध्यें गूगल कंपनीच्या संशोधकांनीं डोळ्याचें छायाचित्र वाचून हा रोग ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता तयार केल्याचें जाहीर केलें, तेव्हां तिच्या अभ्यासासाठीं वापरलेल्या चित्रांत अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या भारतीय संस्थांकडील चित्रेंही होतीं. मुंबईंत महानगरपालिकेच्या दवाखान्यांतून मोबाईलला जोडलेल्या कॅमेऱ्यानें, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या अशाच एका यंत्रणेची परीक्षा झाली, आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्यें प्रसिद्ध झाले. अभ्यासांत धरलेल्या २१३ मधुमेहींपैकीं ज्यांस तज्ज्ञाकडे पाठविणें खरोखर जरूर होतें, त्यांतला एकही या यंत्रणेच्या नजरेंतून निसटला नाहीं. ज्यांस पाठविण्याची जरूर नव्हती, त्यांपैकीं शेंकडा ८८.४ जणांस तिनें बरोबर ओळखलें.

या दुसऱ्या आंकड्याकडे जरा थांबून पाहावें. शंभर निर्धास्त माणसांतून सुमारें बाराजणांस यंत्र विनाकारण पुढें पाठवितें, असा त्याचा अर्थ. एवढी चूक वैद्यकांत क्षम्य समजली जाते, कारण रोगी निसटण्यापेक्षां निरोग्याला एक हेलपाटा पडलेला बरा. धारावींतल्या माणसाला त्या हेलपाट्याची किंमत बसचें भाडें आणि अर्ध्या दिवसाचा खाडा एवढी पडते. तेंच यंत्र तीच चूक तलासरींत करील तेव्हां किंमत काय पडेल?

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याचे, आणि पर्यायानें महाराष्ट्राचे, वायव्येकडचे अगदीं टोंकाचे तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणे जिल्ह्यापासून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हां ते त्यांत आले. डहाणूच्या किनाऱ्यावर नगरपरिषदेचें गांव, मच्छीमारांच्या वस्त्या आणि वीजनिर्मितीचें केंद्र. घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या. आणि पूर्वेकडे डोंगरउतारांवर पसरलेले वारल्यांचे पाडे. चर्चगेटपासून डहाणू रोड स्थानक १२४ किलोमीटरांवर आहे. २०१३ च्या एप्रिलपासून मुंबईची लोकल गाडी तेथपर्यंत जाते, आणि तिनें पुष्कळांची सोय झाली आहे. तलासरी गांवाला मात्र रेल्वे नाहीं. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तें वसलेलें आहे, आणि त्या मार्गावरून रात्रंदिवस वाहनें धांवत असतात. पण पाड्यांतून त्या मार्गापर्यंत येणें हाच कित्येकांचा पहिला प्रवास असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रें, तलासरीचें ग्रामीण रुग्णालय आणि डहाणूचें उपजिल्हा रुग्णालय हीं जवळ आहेत. परंतु डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरांतच भेटतो.

त्यांत आणखी एक अडचण आहे. पडद्याची पूर्ण तपासणी करण्यासाठीं डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते, आणि त्यानंतर कांहीं तास अंधुक दिसतें. म्हणजे रोग्यानें एकट्यानें जाऊन चालत नाहीं. सोबत मुलगा किंवा सून हवी. अशा रीतीनें एका कागदाची किंमत दोन माणसांची मजुरी, दोघांचें भाडें आणि घरच्या कामाचा खोळंबा इतकी होते. दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबें वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला बाहेर पडतात. त्या दिवसांत वर्षाची ठराविक चांचणी ठेवली, तर पाड्यावर कोण भेटणार? पंचांगांतला मुहूर्त पाहण्याआधीं शिबिरवाल्यांनीं स्थलांतराचें वेळापत्रक पाहावयास हवें.

थायलंडांत हाच अनुभव आलेला आहे. गूगलची तीच विद्या तेथील ११ सरकारी दवाखान्यांत वापरून पाहण्यांत आली, आणि २०२० मध्यें तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दवाखान्यांतला उजेड पुरेसा योग्य नसल्यामुळें एक-पंचमांशाहून अधिक चित्रें यंत्रानें नाकारलीं. ज्यांचीं चित्रें नाकारलीं, त्यांस दुसऱ्या गांवच्या तज्ज्ञाकडे जाण्यास सांगावें लागे. विनाकारण पडणारा हा हेलपाटा पाहून कांहीं परिचारिका रोग्यांस या प्रयोगांत पडूंच नका असें सुचवूं लागल्या. त्या परिचारिकांस कोणी मागासलेल्या म्हणूं नये. यंत्राच्या हिशेबांत नसलेली किंमत त्यांनीं धरली होती.

नीतीचा दुसरा प्रश्न संमतीचा आहे. मोठ्या रुग्णालयांत संमतीचा कागद पुढें येतो, आणि शिकलेला माणूसही तो न वाचतां सही करतो. पाड्यांत सहीऐवजीं अंगठा उमटतो, आणि त्या भूमींत अंगठ्याला इतिहास आहे. लग्नासाठीं घेतलेल्या थोड्याशा कर्जापायीं नवराबायकोंनीं सावकाराकडे राबत राहावयाचें, या ‘लग्नगडी’च्या चालीविरुद्ध आणि वेठीविरुद्ध १९४५ सालीं शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारली उठले, ते याच मुलखांत. ज्यांच्या आजोबांस अंगठ्यानें बांधलें होतें, त्यांच्याकडून अंगठा मागतांना मागणाऱ्यानें शब्द फार जपून वापरले पाहिजेत. काय पाहणार, काय सांपडूं शकेल, सांपडल्यास काय करावें लागेल, आणि नको म्हटल्यास इतर औषधपाणी बंद होणार नाहीं, एवढें तरी त्याच्या बोलींत सांगितलें पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यांत अशी तरतूद आहे कीं, माहिती घेण्याची सूचना इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याही भाषेंत मिळावी. त्या परिशिष्टांत २२ भाषा आहेत; वारली त्यांत नाहीं. कायदा जेथें थांबतो, तेथून पुढें सज्जनपणानें चालावयाचें असतें. पाड्यावरची आशा कार्यकर्ती हा संवाद जितका चांगला घडवून आणील, तितका कोणताही छापील कागद आणणार नाहीं.

तिसरा प्रश्न गुप्ततेचा. महामार्गावर मालमोटार चालविणाऱ्याचा किंवा कारखान्यांतल्या कामगाराचा डोळा तपासला, आणि निकाल प्रथम मालकाच्या हातीं पडला, तर चांचणीनें त्याची दृष्टि राखण्यापूर्वीं त्याची भाकरीच जावयाची. निकाल ज्याचा त्याच्या हातीं, हा नियम मुंबईच्या कचेरींत जितका पाळावा, तितकाच तलासरीच्या शेडमध्येंही पाळला पाहिजे. छायाचित्रांचेंही तसेंच आहे. यंत्रें शहाणीं होतात तीं हजारों लोकांच्या डोळ्यांचीं चित्रें पाहून. ज्यांच्या डोळ्यांवर यंत्र शिकलें, त्यांच्यापर्यंत त्याचा लाभ शेवटीं पोंचावयाचा असेल, तर तो देण्याचा न्यायही उलटाच म्हटला पाहिजे.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणें घेण्यांत येतो. सर्व सोयी होईपर्यंत थांबावयाचें म्हटलें, तर गरिबाला कधींच कांहीं मिळणार नाहीं. कांहीं न कळण्यापेक्षां कळलेलें बरें. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि तें झटकून टाकणें योग्य होणार नाहीं. रक्तांतील साखर आणि रक्तदाब आटोक्यांत ठेवल्यास डोळ्यांतील रोगाची वाढ मंदावते, हें १९९३ मध्यें अमेरिकेंतील आणि १९९८ मध्यें ब्रिटनमधील मोठ्या प्रयोगांनीं सिद्ध केलें आहे. त्या औषधांना मुंबई गांठावी लागत नाहीं; प्राथमिक आरोग्य केंद्रांतून तीं नियमानें मिळालीं तरी ऋणाचा पहिला हप्ता तालुक्यांतच फिटतो. तेव्हां थांबावें असें कोणीच म्हणत नाहीं. जेवढें पुढें नेतां येईल, तेवढ्यालाच हात घालावा, इतकेंच म्हणणें आहे. पांचशें जणांचे डोळे पाहून पांचशें कागद वांटण्यापेक्षां शंभरांचे पाहून त्यांतल्या ज्या चार-पांच जणांस उपचार हवा, त्यांस हाताला धरून नेऊन आणणें हें अधिक धर्माचें काम आहे.

श्रोत्यांपैकीं अनेकजण कोणत्या ना कोणत्या मंडळाचे, ज्ञातिसंस्थेचे किंवा गृहनिर्माण संस्थेचे सभासद असतील, आणि वर्षाकाठीं एका शिबिराला वर्गणीही देत असतील. ती वर्गणी देण्यापूर्वीं त्यांनीं चालकांस चार प्रश्न विचारावे. दोष सांपडलेल्या माणसाला कोणतें रुग्णालय, कोणत्या दिवशीं पाहणार आहे? त्याच्या आणि त्याच्या सोबत्याच्या जाण्यायेण्याचा व बुडालेल्या मजुरीचा खर्च कोण सोसणार आहे? त्याची चित्रें कोणाजवळ राहणार आहेत? आणि पुढच्या वर्षीं त्याच महिन्यांत त्याच माणसाला पुन्हां कोण बोलावणार आहे? उत्तरें मिळालीं तर वर्गणी दुप्पट द्यावी. मिळालीं नाहींत, तर फलकाचा आणि फराळाचा पैसा त्या दुसऱ्या प्रवासासाठीं राखून ठेवा, असें चालकांस सुचवावें.

डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे १९३४ ते २०१८ या आपल्या आयुष्यांत तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांनीं वारली चित्रकला जगापुढें घेऊन गेले, आणि २०११ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. त्या बारीक रेघा, तें इवलेंसें तारप्याभोंवतीचें नृत्य, हें सर्व नजरेचें आणि हाताचें धन आहे. त्या मुलखांतल्या मासे पकडणारणीला, चिकू उतरविणाऱ्याला आणि भात लावणारीलाही नजर तितकीच मोलाची आहे.

म्हणून शेवटीं त्या वांशांतल्या कागदाकडेच परत यावें लागतें. तो कागद ज्यानें खोंचून ठेवला, तो अडाणी म्हणून त्यानें तो ठेवला नाहीं. पुढचा रस्ता त्यावर लिहिलेलाच नव्हता. ज्यानें तो दिला, त्यानें एक दिवस पुन्हां त्या दारीं जावें, घडी उलगडावी आणि म्हणावें, ‘काका, गाडी उभी आहे, सूनबाईंना सोबत घ्या, संध्याकाळपर्यंत परत आणून सोडतों.’ तोंपर्यंत अहवालांत त्या तपासणीपुढें ‘झाली’ असें लिहूं नये.